मेमरी बँडविड्थ मोजताना आकडा नेमका कशाचा येतो?

प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये एका सेकंदात जास्तीत जास्त किती बाइटांची ने-आण होऊ शकते, याला मेमरी बँडविड्थ म्हणतात. ती मोजण्यासाठी लिनक्सवर मोफत मिळणारी आणि एका ओळीच्या कमांडने चालणारी बरीच साधने आहेत. अडचण अशी की एकाच संगणकावर ही साधने पाठोपाठ चालवली, तरी त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचा आकडा दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट असणेही दुर्मीळ नाही. यांतले कोणतेच साधन खोटे बोलत नसते. प्रत्येक साधन वेगळी गोष्ट मोजत असते, आणि ती कोणती हे त्याने छापलेल्या शेवटच्या ओळीत लिहिलेले नसते. म्हणून आकडा हाती आल्यावर दोन प्रश्न विचारायचे: मोजलेले बाइट खरोखर रॅमपर्यंत गेले होते का, आणि गेले असतील, तर साधनाने त्यांची मोजदाद कोणत्या पद्धतीने केली.

पहिले काम मात्र कागदावरचे आहे. कोणतीही कमांड चालवण्याआधी आपल्या यंत्राची कमाल मर्यादा काढून ठेवावी. ती हाताशी नसेल, तर आलेला आकडा चांगला की वाईट, इतकेच काय, शक्य की अशक्य, हेही ठरवता येत नाही. हिशोब सोपा आहे. डीडीआर४-३२०० या रॅमच्या प्रकाराच्या नावातील ३२०० हा आकडा एका सेकंदात होणाऱ्या हस्तांतरणांची संख्या दशलक्षांमध्ये सांगतो. घड्याळाची वारंवारता त्याच्या निम्मी, म्हणजे १६०० मेगाहर्ट्झ असते, कारण घड्याळाच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा डेटा पाठवला जातो. एका चॅनेलची (प्रोसेसर आणि रॅम यांच्यातील एका स्वतंत्र वाटेची) रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट असते. ३२०० दशलक्षांना ८ ने गुणले की सेकंदाला २५.६ गिगाबाइट हे एका चॅनेलचे कमाल मूल्य मिळते, आणि दोन चॅनेल वापरात असतील, तर ते ५१.२ गिगाबाइट होते. याच रीतीने डीडीआर३-१६०० चे एका चॅनेलचे मूल्य १२.८ आणि डीडीआर५-४८०० चे एका मॉड्यूलचे (रॅमच्या एका पट्टीचे) मूल्य ३८.४ गिगाबाइट येते. डीडीआर५ मध्ये मॉड्यूलची ६४ बिटांची रुंदी ३२ बिटांच्या दोन उपचॅनेलांत विभागलेली असते, पण बेरीज बदलत नाही. लॅपटॉपच्या बोर्डावर कायमची बसवलेली एलपीडीडीआर५-६४०० मेमरी १२८ बिटांच्या बसवर (डेटा वाहणाऱ्या तारांच्या संचावर) असेल, तर हिशोब १०२.४ गिगाबाइटचा होतो.

या हिशोबाला लागणारी माहिती 'डीएमआयडीकोड' ही कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवून मिळते. तिला फक्त मेमरीचा तपशील मागितला, की प्रत्येक मॉड्यूलपुढे दोन गती दिसतात: एक मॉड्यूलची क्षमता सांगणारी आणि दुसरी, 'कॉन्फिगर्ड' असा शब्द असलेली, प्रत्यक्षात ठरवून दिलेली. हिशोबात दुसरी धरायची. ३२०० क्षमतेचे मॉड्यूल बायोसमधील (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधील) एका सेटिंगअभावी २१३३ किंवा २६६६ वर चालत असणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. त्याच यादीत कोणते मॉड्यूल कोणत्या खाचेत बसले आहे हेही दिसते. दोन्ही मॉड्यूल एकाच चॅनेलच्या खाचांमध्ये बसवले असतील, तर कमाल मर्यादा थेट निम्मी होते. माझ्या मते बँडविड्थ मोजण्याचा खरा व्यावहारिक फायदा या दोन चुका पकडण्यातच आहे, आणि त्या बऱ्याचदा कोणतीही चाचणी न चालवता, या यादीवरूनच पकडता येतात. आभासी यंत्रात (खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकात) मात्र या कमांडवर विसंबू नये. तिथे ती दाखवते ते आभासी हार्डवेअरचे वर्णन असते, खालच्या खऱ्या मेमरीचे नव्हे.

कागदावरची मर्यादा प्रत्यक्षात पूर्णपणे कधीच गाठली जात नाही. डीरॅमच्या, म्हणजे रॅमच्या चिपच्या, पेशींमधील विद्युतभार गळत असतो, म्हणून त्या ठरावीक अंतराने ताज्या कराव्या लागतात. डीडीआर४ मध्ये सामान्य तापमानाला सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश आज्ञा द्यावी लागते आणि ८ गिगाबिटच्या चिपमध्ये ती पुरी होण्यास ३५० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे साडेचार टक्के वेळ इथेच गेला. शिवाय वाचनावरून लेखनाकडे वळताना बसला थोडा वेळ थांबावे लागते आणि पेशींची नवी ओळ उघडण्यासाठी जुनी बंद करावी लागते. त्यामुळे सलग वाचनात कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्के मिळाले, तर यंत्र नीट चालले आहे असे समजण्यास हरकत नाही. आणि मर्यादेपेक्षा जास्त आकडा आला, तर तो रॅमचा नाही, एवढे निश्चित.

मर्यादेपेक्षा जास्त आकडा येतोच कसा, याचे उत्तर कॅशे मेमरीत आहे. प्रोसेसरच्या आत, कोरच्या (प्रत्यक्ष गणना करणाऱ्या स्वतंत्र भागाच्या) अगदी जवळ काही दहा किलोबाइटची पहिली पातळी, त्यामागे काहीशे किलोबाइट ते काही मेगाबाइटची दुसरी, आणि बहुधा सर्व कोरना सामायिक असलेली काही मेगाबाइट ते काही दहा मेगाबाइटची तिसरी पातळी असते. एकदा वापरलेला डेटा इथे राहतो आणि पुन्हा लागला, तर रॅमपर्यंत जावे लागत नाही. चाचणी करणारा प्रोग्राम तोच लहान तुकडा पुनःपुन्हा वापरत असेल, तर रॅमला त्या चाचणीची वार्ताही लागत नाही. आपल्या यंत्रातील या पातळ्यांचे आकार 'एलएससीपीयू' ही कमांड दाखवते; ते कागदावरच्या मर्यादेशेजारीच लिहून ठेवावेत.

आता सर्वांत साधे साधन घेऊ. 'डीडी' ही कमांड जवळपास प्रत्येक लिनक्सवर आधीपासून असते आणि तिचे काम एका ठिकाणचा डेटा ठरावीक आकाराच्या तुकड्यांनी दुसऱ्या ठिकाणी नेणे एवढेच आहे. इनपुट म्हणून शून्यांचा अखंड पुरवठा करणारी 'झीरो' ही आभासी फाइल, आउटपुट म्हणून काहीही गिळून टाकणारी 'नल' ही आभासी फाइल, 'बीएस' या पर्यायात तुकड्याचा आकार १ मेगाबाइट, आणि 'काउंट' या पर्यायात तुकड्यांची संख्या दहा हजार दिली, की थोड्याच वेळात कमांड संपते आणि सेकंदाला अमुक गिगाबाइट असा आकडा छापते. हा आकडा रॅमची बँडविड्थ म्हणून सांगितला जातो, पण तो तसा नसतो. डीडी १ मेगाबाइटचा एकच बफर (डेटा ठेवण्याची तात्पुरती जागा) मेमरीत घेतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यात शून्ये भरतो, नंतर तो 'नल'कडे दिला जातो, आणि 'नल' त्यातील एकही बाइट न वाचता "सगळे लिहून झाले" असे उत्तर देतो. मग त्याच बफरमध्ये पुन्हा शून्ये भरली जातात. म्हणजे यात वाचन मुळीच नाही, आणि जे लेखन आहे ते दहा हजार वेळा त्याच १ मेगाबाइटवर, जो कॅशेत आरामात मावतो.

तरीही डीडी निरुपयोगी नाही. फक्त त्याचा एक आकडा घेण्याऐवजी आकड्यांची मालिका घ्यावी लागते. एकूण डेटा साधारण तेवढाच ठेवून तुकड्याचा आकार ५१२ बाइट, १६ किलोबाइट, २५६ किलोबाइट, ४ मेगाबाइट, ६४ मेगाबाइट आणि शेवटी १ गिगाबाइट असा वाढवत न्यावा आणि प्रत्येक वेळी आलेला वेग लिहावा. ५१२ बाइटला वेग फारच कमी दिसतो, कारण तिथे बहुतेक वेळ कर्नलला हाक मारून परत येण्यातच जातो. डेटा नावापुरता असतो. तुकडा काही दहा किलोबाइटचा झाला, की हा खर्च विभागला जातो आणि वेग शिखर गाठतो. दुसऱ्या पातळीच्या कॅशेचा आकार ओलांडला, की वेग एक पायरी उतरतो. तिसऱ्या पातळीचा आकार ओलांडल्यावर आणखी एक पायरी उतरतो आणि त्यानंतर तुकडा कितीही वाढवला, तरी तो जवळपास स्थिर राहतो. हा शेवटचा सपाट भाग म्हणजे एका कोरने, कर्नलमार्फत, रॅममध्ये सलग लेखन करण्याचा वेग. एवढी पाटी लावून तो आकडा वापरता येतो, आणि वर एकही नवे साधन न बसवता आपल्याच यंत्रातल्या कॅशेच्या पायऱ्या दिसतात हा बोनस. एलएससीपीयूने दाखवलेले आकार आणि या पायऱ्या एकमेकींशी जुळतात का, हे पाहण्यातच या प्रयोगाची खरी गंमत आहे.

मोठ्या तुकड्यांच्या बाबतीत दोन पथ्ये पाळावीत. १ गिगाबाइटचा बफर पहिल्यांदा भरताना कर्नलला त्यासाठी मेमरीची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) शोधून द्यावी लागतात. ४ किलोबाइटच्या पानांनी हिशोब केला, तर ती २,६२,१४४ पाने होतात. तुकड्यांची संख्या १ ठेवली, तर मोजले जाते ते मुख्यतः हे पाने देण्याचे काम. संख्या १५-२० ठेवली, म्हणजे पहिल्या फेरीचा हा बोजा पातळ होतो. दुसरे पथ्य असे की तुकडा २ गिगाबाइट किंवा त्याहून मोठा ठेवू नये, कारण लिनक्समध्ये वाचनाची एक हाक २ गिगाबाइटपेक्षा किंचित कमीच डेटा देते आणि मग डीडी अर्धवट तुकड्यांची नोंद दाखवू लागतो.

डीडीकडून वाचनाचा अंदाजही घेता येतो. 'डेव्ह' निर्देशिकेतील 'एसएचएम' ही जागा दिसायला डिस्कवरच्या फोल्डरसारखी असली, तरी ती प्रत्यक्षात रॅममध्ये असते आणि तिची मर्यादा सहसा एकूण रॅमच्या निम्मी ठेवलेली असते. तिथे ४ गिगाबाइटची फाइल तयार करून ती १ मेगाबाइटच्या तुकड्यांनी 'नल'कडे पाठवली, की ४ गिगाबाइट खरोखर रॅममधून येतात आणि कॅशेत मावणाऱ्या बफरमध्ये उतरतात. कर्नलचा खर्च यातही मिसळलेला असतो, पण वाहतूक रॅमवरूनच होते, हे महत्त्वाचे. फाइल तयार होतानाच्या वेगाकडे मात्र लक्ष देऊ नये. त्यात पाने मिळवण्याचा वेळ धरलेला असतो. काम झाल्यावर ती फाइल पुसायला विसरू नये, नाहीतर ती रॅम अडवून बसते.

'सिसबेंच' या लोकप्रिय साधनातील मेमरी चाचणीची गत काहीशी अशीच आहे, आणि तिच्यावर लोकांचा विश्वास डीडीपेक्षा जास्त असल्यामुळे ती अधिक फसवी ठरते. कोणताही पर्याय न देता ती चालवली, तर तुकड्याचा आकार १ किलोबाइट असतो. १ किलोबाइट म्हणजे पहिल्या पातळीच्या कॅशेचाही लहानसा कोपरा. प्रत्येक तुकडा लिहून झाला, की सिसबेंच एक घटना पूर्ण झाल्याची नोंद करते, तिचा वेळ टिपते आणि पुढच्या घटनेकडे वळते. त्यामुळे छापलेल्या आकड्यात कॅशेचा वेग आणि या नोंदींचा खर्च यांचे मिश्रण असते. तुकड्याचा आकार १ मेगाबाइट केला, तर तोच संगणक एकदम कितीतरी पट 'वेगवान' होतो, यावरूनच मूळ आकडा रॅमचा नव्हता हे कळावे. दोन सर्व्हरांची तुलना सिसबेंचच्या मूळ पर्यायांवर केलेली दिसली, तर ती तुलना रॅमची नसून प्रोसेसरच्या कोरची आहे असे समजावे.

स्वतः छोटा प्रोग्राम लिहून मोजणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. मोठा ॲरे (सलग साठवलेल्या मूल्यांची यादी) मागून घेतला आणि त्यात काहीही न लिहिता थेट वाचायला सुरुवात केली, तर लिनक्स त्या सगळ्या पत्त्यांमागे शून्यांनी भरलेले एकच सामायिक पान उभे करतो. प्रोग्रामला वाटते आपण काही गिगाबाइट वाचले. प्रत्यक्षात तेच एक पान कॅशेतून पुनःपुन्हा वाचले गेलेले असते. म्हणून मोजण्यापूर्वी संपूर्ण ॲरेमध्ये एकदा काहीतरी लिहून घ्यावे. आणि वाचलेल्या मूल्यांची बेरीज करून ती शेवटी छापावी, कारण निकाल कुठेच वापरला जात नाही असे दिसले, तर कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ते संपूर्ण आवर्तनच (लूप) गाळून टाकतो.

आता दुसरा प्रश्न: रॅमपर्यंत बाइट गेले, पण ते मोजले कसे? समजा १ गिगाबाइटचा एक ॲरे दुसऱ्या ॲरेमध्ये कॉपी केला. किती वाहतूक झाली? सामान्य उत्तर १ गिगाबाइट. थोडा विचार केला, तर २, कारण १ वाचला आणि १ लिहिला. मेमरीच्या बसचे उत्तर बहुतेक वेळा ३ असते. याचे कारण असे की प्रोसेसर रॅमशी सुटे बाइट देत-घेत नाही. तो कॅशेची एक संपूर्ण ओळ, म्हणजे सर्वसाधारण प्रोसेसरमध्ये ६४ बाइट, एकदम आणतो आणि एकदम परत पाठवतो. ८ बाइट लिहायचे असले, तरी ती ओळ आधी कॅशेत आणावी लागते, मग तीत बदल होतो आणि पुढे कधीतरी ती रॅमकडे परत जाते. त्या ओळीतील सर्व ६४ बाइट आपण लवकरच लिहून टाकणार आहोत, हे पहिल्या लेखनाच्या वेळी प्रोसेसरला माहीत नसते. परिणामी लिहिली जाणारी प्रत्येक ओळ बसवरून दोनदा प्रवास करते.

'एमबीडब्ल्यू' हे छोटे साधन कॉपी केलेले बाइट एकदाच मोजते. 'स्ट्रीम' हे नावाजलेले साधन वाचन आणि लेखन वेगळे धरून दोनदा मोजते. साध्या आवर्तनाने कॉपी करताना हार्डवेअर तीनदा वाहतूक करते. म्हणजे ५१.२ गिगाबाइट मर्यादेच्या यंत्रावर पहिल्या पद्धतीने १५ हा आकडा येत असेल, तर दुसऱ्या पद्धतीने त्याच कामाचे ३० होतात आणि बसवरून प्रत्यक्षात ४५ गेलेले असतात. १५ पाहून यंत्र निम्म्याहूनही कमी क्षमतेने चालले आहे अशी तक्रार करणे सोपे आहे, पण ते यंत्र जवळजवळ काठोकाठ भरून चालले आहे. वेगवेगळ्या साधनांच्या आकड्यांत दिसणाऱ्या दुप्पट-तिप्पट फरकांपैकी पुष्कळसे फरक एवढ्यानेच मिटतात.

या हिशोबाला एक पोटकलम आहे. प्रोसेसरमध्ये कॅशेला वळसा घालून थेट रॅमकडे लिहिणाऱ्या खास आज्ञा असतात. त्या वापरल्या, तर आधी ओळ आणण्याचा फेरा वाचतो आणि ३ चे २ होतात. लिनक्सच्या मानक लायब्ररीतील कॉपी करणारे फंक्शन इंटेल-एएमडी प्रोसेसरांवर तुकडा पुरेसा मोठा असला, की या आज्ञांकडे आपोआप वळते. एवढेच नव्हे, तर आपण साधे आवर्तन लिहिले असले, तरी जीसीसी कंपायलर वरच्या पातळीच्या ऑप्टिमायझेशनमध्ये "ही तर कॉपी आहे" हे ओळखून त्या जागी तेच फंक्शन बसवतो. मोबाइलमध्ये नेहमी आढळणाऱ्या एआरएम रचनेचे अनेक कोर तर सलग लेखन चालू आहे हे स्वतःच ओळखतात आणि आधीचे वाचन टाळतात. त्यामुळे एकाच यंत्रावर कॉपीचा आकडा इतर चाचण्यांपेक्षा अचानक दीडपट दिसला, तर रॅममध्ये चमत्कार झालेला नसतो. एक फेरा वाचलेला असतो.

स्ट्रीमविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या क्षेत्रात जर काही प्रमाण मानले जात असेल, तर ते हेच. जॉन मॅककॅल्पिन यांनी १९९१ मध्ये डेलावेअर विद्यापीठात असताना ते सुरू केले. सी भाषेतील एकच फाइल, तीत तीन ॲरे आणि चार कामे: कॉपी, एका संख्येने गुणून लिहिणे, दोन ॲरेंची बेरीज तिसऱ्यात लिहिणे, आणि 'ट्रायड', म्हणजे गुणाकार व बेरीज एकत्र. पहिल्या दोन कामांत प्रत्येक घटकामागे १६ बाइट मोजले जातात, नंतरच्या दोन कामांत २४. प्रत्येक काम मूळ सेटिंगप्रमाणे १० वेळा होते, पहिली फेरी सोडून दिली जाते आणि उरलेल्यांपैकी सर्वांत वेगवान फेरीचा आकडा छापला जातो. शेवटी ॲरेमधील मूल्ये बरोबर आली आहेत का, याचीही पडताळणी होते.

स्ट्रीमची एक अट मात्र लोक सर्रास विसरतात: प्रत्येक ॲरे चाचणीत वापरल्या जाणाऱ्या एकूण कॅशेच्या किमान चौपट मोठा असला पाहिजे. मूळ फाइलमध्ये प्रत्येक ॲरेत १ कोटी घटक असतात, म्हणजे ८ कोटी बाइट. कॅशे ३२ मेगाबाइटची असेल, तर चौपट म्हणजे १२८ मेगाबाइट हवेत, आणि मूळ सेटिंग तिथेच अपुरी पडते. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या 'मिलान-एक्स' या सर्व्हर प्रोसेसरमध्ये तर तिसऱ्या पातळीची कॅशे ७६८ मेगाबाइटपर्यंत आहे. अशा प्रोसेसरवर मूळ सेटिंगचे तिन्ही ॲरे मिळून होणारे २४ कोटी बाइट कॅशेतच सामावतात. म्हणून कंपाइल करताना घटकांची संख्या वाढवून द्यावी. ती १० कोटी केली, तर तिन्ही ॲरे मिळून २.४ गिगाबाइट होतात आणि काही संगणकांवर प्रोग्राम जोडला जाताना न समजणाऱ्या त्रुटी येतात. त्या वेळी कंपायलरला 'मीडियम' हे मेमरी मॉडेल वापरायला सांगितले, की काम होते. ऑप्टिमायझेशन चालू ठेवावे आणि ओपनएमपी (काम अनेक कोरवर वाटणारी सोय) जोडून घ्यावे, नाहीतर स्ट्रीम एकाच कोरवर चालते.

एकच कोर का पुरत नाही? रॅमकडून एक ओळ मागवली, की ती यायला साधारण ८० नॅनोसेकंद लागतात असे धरू. कोरने एक ओळ मागवून ती येईपर्यंत वाट पाहिली आणि मगच दुसरी मागवली, तर दर ८० नॅनोसेकंदांना ६४ बाइट, म्हणजे सेकंदाला फक्त ०.८ गिगाबाइट मिळतील. प्रत्यक्षात कोर अनेक ओळी एकाच वेळी मागवून ठेवतो. विहिरीवरच्या रहाटाला एकच गाडगे असो की वीस, एका गाडग्याला खाली जाऊन वर यायला तेवढाच वेळ लागतो. वाढते ते मिनिटाला मिळणारे पाणी. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयी सिद्ध केलेला नियम इथे जसाच्या तसा लागू होतो: वाटेत असलेला डेटा म्हणजे विलंब गुणिले बँडविड्थ. ५१.२ गिगाबाइटचा वेग ८० नॅनोसेकंद विलंबाने टिकवायचा, तर कोणत्याही क्षणी ४०९६ बाइट, म्हणजे ६४ ओळी वाटेत असायला हव्यात. इंटेलच्या बऱ्याच पिढ्यांमध्ये पहिल्या पातळीच्या कॅशेला एका वेळी १० ते १२ ओळीच मागवून ठेवता येतात. १० धरल्या, तर ८ गिगाबाइट झाले. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून आधीच डेटा आणणारी यंत्रणा दुसऱ्या पातळीवर आणखी ओळी मागवते, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून बराच वर जातो. तरीही अनेक यंत्रांवर, विशेषतः भरपूर चॅनेल असलेल्या सर्व्हरवर, एकटा कोर कमाल मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाही. डीडी आणि एमबीडब्ल्यू एकाच कोरवर चालतात, आणि त्यांचे आकडे लहान दिसण्याचे हे दुसरे मोठे कारण.

म्हणून स्ट्रीम चालवताना थ्रेडची (समांतर चालणाऱ्या कामांची) संख्या १, २, ४ अशी वाढवत जावी आणि आकडा कुठे वाढायचा थांबतो ते पाहावे. घरगुती संगणकावर तो बहुधा काही मोजक्या थ्रेडांनंतरच थबकतो आणि सर्व कोर कामाला लावल्यावर कधीकधी थोडा उतरतोसुद्धा. दोन प्रोसेसर असलेल्या सर्व्हरवर आणखी एक बाब येते: प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची रॅम असते आणि शेजारच्या रॅमपर्यंत जाण्याचा रस्ता अरुंद असतो. ज्या कोरने एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लावला, त्याच्याजवळच्या रॅममध्ये ते पान ठेवायचे, असे लिनक्सचे साधारण धोरण आहे. 'न्यूमासीटीएल' या कमांडने प्रोग्राम एका प्रोसेसरवर आणि त्याची मेमरी मुद्दाम दुसऱ्याकडे बांधून ठेवली, तर या अंतराची किंमत थेट आकड्यात दिसते. आपला डेटाबेस विनाकारण मंद का आहे, याचा उलगडा कधीकधी या एका तुलनेने होतो.

एककांचा घोळ लहान असला, तरी तो निस्तरून ठेवावा. डीडीने छापलेला वेग आणि स्ट्रीमचा आकडा दशमान पद्धतीने, म्हणजे मेगाबाइट बरोबर १० लाख बाइट असा असतो. सिसबेंच आणि एमबीडब्ल्यू १०२४ च्या पटीतील मेबीबाइट वापरतात. गिगाबाइटच्या पातळीवर हा फरक सात टक्क्यांहून थोडा अधिक आहे. ५१.२ ही मर्यादा दुसऱ्या एककात ४७.७ होते, आणि हे लक्षात न घेता दोन साधनांची तुलना केली, तर नसलेला फरक शोधण्यात वेळ जातो.

चाचणीच्या वेळी इतर प्रोग्राम बंद असावेत, लॅपटॉप विजेच्या जोडणीवर असावा आणि प्रोसेसरची वारंवारता कमी करून वीज वाचवणारी योजना तात्पुरती बाजूला ठेवावी. चाचणी पाच-दहा वेळा करून सर्वांत चांगला आकडा घ्यावा की सरासरी, यावर वाद होऊ शकतो. हार्डवेअर काय करू शकते हे पाहायचे असेल, तर मी सर्वांत चांगलाच घेईन, कारण बाकी कामांचा अडथळा आकडा फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. भाड्याच्या आभासी यंत्राबाबत मात्र उलट: तिथे शेजारी तीच बस वापरत असतात, त्यामुळे सर्वांत वाईट आकडाही तितकाच कामाचा असतो.

एवढे करूनही शंका उरली, तर साधनाला न विचारता हार्डवेअरलाच विचारता येते. मेमरी कंट्रोलरमध्ये (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागात) गेलेल्या-आलेल्या डेटाची मोजदाद करणारे गणक असतात आणि अनेक प्रोसेसरांवर 'पर्फ' हे लिनक्सचे साधन ते वाचून दाखवते. चाचणी चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये हे गणक पाहावेत. डीडीचा १ मेगाबाइटचा प्रयोग सेकंदाला दहा-वीस गिगाबाइटचा दावा करत असताना हे गणक जवळजवळ हलत नाहीत. साध्या आवर्तनाच्या कॉपीत मात्र वाचनाचा गणक लेखनाच्या दुप्पट वेगाने पळताना दिसतो, आणि वर सांगितलेला ३ चा हिशोब डोळ्यांसमोर उभा राहतो.

मिळालेल्या आकड्याचे पुढे काय करायचे, हे कामावर अवलंबून आहे. स्ट्रीमच्या ट्रायडमध्ये २४ बाइटांमागे दोनच गणिती क्रिया होतात, म्हणजे ५१.२ गिगाबाइटची संपूर्ण मर्यादा गाठली, तरी सेकंदाला सुमारे ४३० कोटी क्रियाच होऊ शकतात. ३ गिगाहर्ट्झचा एव्हीएक्स२ (एका आज्ञेत अनेक संख्यांवर क्रिया करण्याची सोय) असलेला आणि दोन गुणाकार-बेरीज एकके असलेला एकच कोर दुहेरी अचूकतेच्या ४,८०० कोटी क्रिया करू शकतो. अशा कामासाठी जास्त कोरचा प्रोसेसर घेणे व्यर्थ आहे. दुसरा चॅनेल भरणे उपयोगी आहे. भाषेचे मोठे मॉडेल स्वतःच्या संगणकावर प्रोसेसरवरच चालवणाऱ्यांनाही हाच हिशोब लागू पडतो. एका वेळी एकच उत्तर तयार करताना सर्वसाधारण मॉडेलमध्ये प्रत्येक टोकनसाठी (शब्दासाठी किंवा त्याच्या तुकड्यासाठी) जवळजवळ सगळे भार (मॉडेलमध्ये साठवलेल्या संख्या) रॅममधून एकदा वाचावे लागतात. ते ८ गिगाबाइट असतील आणि मोजलेले वाचन ४४ गिगाबाइट प्रति सेकंद असेल, तर सेकंदाला साडेपाचपेक्षा जास्त टोकन मिळणार नाहीत. याउलट, एका नोंदीतून पुढच्या नोंदीचा पत्ता शोधत जाणाऱ्या प्रोग्रामला एका वेळी एकच ओळ हवी असते. तिथे चॅनेल दुप्पट केले, तरी फरक पडत नाही. तिथे ८० नॅनोसेकंदांचा विलंब मोजायला हवा, आणि ती चाचणी वेगळी आहे.